दुसऱ्या भागातला शत्रू

"पहिला भाग भारी होता, दुसऱ्यात ती मजा नाही." अमीश त्रिपाठींच्या 'नागांचे रहस्य'बद्दल आमच्या टोकावड्यात मी सर्वात जास्त वेळा ऐकलेलं मत हेच. हे म्हणणाऱ्यांत मुरबाडला कॉलेजला जाणारी मुलं आहेत, एक निवृत्त गुरुजी आहेत आणि आमच्याच नात्यातली एक खाला आहे, जिने तिन्ही भाग मराठीत रात्री जागून संपवले. इथे पुस्तक विकत घ्यायचं म्हणजे बहुतेक वेळा कल्याणची एसटी धरावी लागते. त्यामुळे एक प्रत दहा-बारा घरं फिरते आणि मतंही तिच्याबरोबर फिरतात.

मूळ इंग्रजी मालिकेचा पहिला भाग 2010 मध्ये आला, दुसरा 2011 मध्ये आणि तिसरा 2013 मध्ये. मराठी वाचकांनी पहिला 'मेलुहाचे मृत्युंजय' म्हणून वाचला. तिबेटातून आलेला शिव, सूर्यवंशींचं शिस्तीचं राज्य, पलीकडे बेशिस्त चंद्रवंशी आणि या सगळ्यांच्या मागे चेहरा झाकून फिरणारे नाग. अंगात व्यंग घेऊन जन्मलेले, समाजाने हाकललेले, क्रूर म्हणून बदनाम. भागाचा शेवट अयोध्येत होतो. एक नाग सतीवर चाल करून येतो आणि पुस्तक तिथेच थांबतं. पुढच्या भागासाठी लोक तळमळले ते या जागेमुळे.

आणि पुढच्या भागात काय निघतं? तो बुरखेधारी नाग म्हणजे गणेश. सतीचा स्वतःचा मुलगा, जो जन्मताच मेला असं बापाने तिला सांगितलं होतं. दुसरी नाग, काली, सतीची जुळी बहीण. ज्या बृहस्पतीच्या खुनाचा सूड घ्यायला नायक निघाला, तो नागांच्या पंचवटीत जिवंत बसून मुलांना शिकवतोय! पंचवटी म्हणजे आपली गोदावरीकाठची. शहापूरहून कसारा घाट चढला की नाशिक. म्हणजे राक्षसांचं म्हणून दाखवलेलं ते गाव आमच्यापासून काही तासांवर.

कॉलेजच्या मुलांची तक्रार अशी की लढाई कमी आणि उलगडे जास्त. गुरुजींचं म्हणणं, देवांच्या तोंडी आजच्या ऑफिसातली भाषा शोभत नाही. गुरुजींचं मला पटतं. संवाद अनेक ठिकाणी सपाट आहेत, आणि भाषांतरात ते आणखी उघडे पडतात. पण मुलांच्या तक्रारीखाली मला दुसरंच काही दिसतं. पहिल्या भागाने त्यांना एक शत्रू दिला होता, दुसऱ्याने तो काढून घेतला. शत्रू गेला की मजा जाते, हे त्यांनी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं.

मी मराठी शाळेत शिकलो. इतिहासाच्या तासाला अफझलखानाचा धडा आला की वर्गातल्या काही माना माझ्याकडे वळायच्या. त्यात दुष्टपणा नव्हता. गोष्टीतला शत्रू कुठे बसलाय एवढंच मुलं बघत होती, आणि मी तिसऱ्या बाकावर होतो. म्हणून ज्या पुस्तकात चेहरा झाकलेला, सगळ्यांना भीतिदायक वाटणारा माणूस बुरखा काढतो आणि तो दर भाद्रपदात आपण वाजतगाजत आणतो तो गणपती निघतो, ते पुस्तक मी हातातून सोडू शकलो नाही. तीन भागांत माझ्या मते दुसराच सर्वात धाडसी. पहिल्या भागातल्या वाचकाच्या भीतीलाच तो तपासायला बसवतो.

तरीही माझी एक तक्रार आहे, आणि ती कोणीच केली नाही म्हणून मी करतो. ब्रंग देशातले लोक नागांच्या औषधावर जगतात, गणेश जीव धोक्यात घालून इतरांना वाचवतो, आणि मग वाचकाचं मन नागांबद्दल मऊ होतं. म्हणजे आधी उपयोगी पडा, मग तुम्हाला माणूस मानू. हे वाक्य आम्हाला ओळखीचं आहे. 'सगळे कलामसाहेबांसारखे झाले तर काय हरकत आहे' असं कौतुकाने म्हणणारे मित्र मला आहेत. कलामसाहेब मोठेच. पण ज्याला क्षेपणास्त्र बनवता येत नाही, ज्याचं पंक्चरचं दुकान आहे, त्याने काय करायचं? पंचवटीत काहीच औषध न बनवणारा, कोणालाही न वाचवणारा एखादा साधा, थोडा आळशी नाग असता, तर कादंबरी आणखी खरी झाली असती.

हा दोष एकट्या अमीश यांचा नाही. आमच्या घरात ज्याचं कौतुक होतं त्या अमीर हमजाच्या दास्तानीतही तो आहे. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने 'तिलिस्म-ए-होशरुबा' छापली. त्यात अफरासियाबच्या राज्यातले जादूगार एकतर मारले जातात, नाहीतर हमजाच्या बाजूला येतात. माहरुख ही जादूगारीण बाजू बदलते तेव्हा ती आपल्याला आवडायला लागते. बाजू न बदलणाऱ्या जादूगाराच्या घरी काय दुःख असेल, हे दास्तानगो विचारत नाही. तिथेही पुढच्या भागांवरून वाचकांत तट पडलेच. पहिले 4 खंड मुहम्मद हुसैन जाह यांचे, पुढचे अहमद हुसैन कमर यांचे. जाह यांची बात कमरमध्ये नाही म्हणणारे उर्दूचे वाचक आजही भेटतात. हिंदीत देवकीनंदन खत्री यांचं 'भूतनाथ' त्यांच्या मृत्यूनंतर मुलाने पुरं केलं, तेव्हाही अशी तुलना झालीच असणार.

तिसऱ्या भागावर, 'वायुपुत्रांची शपथ'वर, खाला अजून रागावलेली आहे. सतीला मारायला नको होतं, म्हणते. मला तिथे वेगळंच खटकलं. वाईट म्हणजे कोणी माणसं नव्हेत, सोमरस हे वाईट, असं ठरवल्यावरही शेवटी अख्खं देवगिरी शहर अस्त्राने भस्म होतं. दुसऱ्या भागाने जे कमावलं त्यातलं बरंच इथे गेलं. यावर खालाशी वाद घातला तर ती म्हणाली, "बेटा, शहराचं तू बघ, मी सतीचं बघते." प्रत सध्या तिच्याकडेच आहे. पुढचा नंबर गुरुजींच्या सुनेचा.