शिखराची वाट मोडू नका

आपलं कळसूबाईचं शिखर महाराष्ट्रात सगळ्यांत उंच, १६४६ मीटर. पावसाळ्यात रविवारी बारी गावातून वर जाणाऱ्यांची रांग लागते. येऊ द्या की! पाहुणे आले तर चार घरांत जेवणाचे पैसे येतात.

माझं म्हणणं वाटेबद्दल आहे. जुनी पायवाट नागमोडी आहे, ती उगीच नाही. आडव्या वाटेनं पाणी दमानं उतरतं. घाईचा माणूस वळण टाळून सरळ वर चढतो, त्याच्यामागून दहा जण. तिथलं गवत मरतं, मग पाऊस त्याच रेघेनं धावतो अन् माती घेऊन जातो. मागं राहते नुसती घळ. तिथं सोनकी कशी फुलायची? कड्यावरच्या शिड्या लोखंडी आहेत, मोडल्या तर नव्या बसवता येतील. माती कुठून आणायची?

खरं सांगायचं तर आधी आपणच चुकतो. शेळ्यांमागं पळताना, शर्यत लावताना सरळ वाट आपण पाडतो, पाहुणा ती बघून चढतो. मीसुद्धा पाडली आहे. नवरात्रात देवीला जाताना माझी आजी मात्र एकही वळण सोडत नाही, आणि दमतही नाही!

पुढच्या रविवारी अशा वाटांच्या तोंडाशी दगड अन् काटेरी फांद्या लावू या का? गुरुजी, तुम्ही याल ना?

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी