‘गायरान’ म्हणजे केवळ गाईचे रान नव्हे

गुराढोरांच्या व्यवहारातील शब्द खेड्यातल्या माणसाला शिकवावे लागत नाहीत. आमच्या राजूरकडे गावची ढोरे चारणारा तो गायकी किंवा ढोरकी, सकाळी ढोरे गोळा होतात ती जागा आखर आणि चराईची सरकारी जमीन ती ‘ई-क्लास’. इतरत्र तिलाच गायरान किंवा गुरचरण म्हणतात. पण हेच शब्द तहसीलच्या कागदावर उमटले की त्यांचा अर्थ बदलतो आणि त्याचा फटका नेमका भूमिहीनाला बसतो. म्हणून हे शब्द कार्यकर्त्यांनी कायद्याच्या भाषेतही समजून घेतले पाहिजेत.

पहिला शब्द ‘गुरे’. गुरे म्हणजे गाय-बैल, असा प्रचार हल्ली जोरात आहे. परंतु इंग्रजांनी १८७१ साली कोंडवाड्याचा कायदा केला, तेव्हा गुरे या शब्दाच्या व्याख्येत म्हशी, घोडे, गाढवे, मेंढ्या, शेळ्या, एवढेच काय डुकरेही धरली होती. ज्या बाईच्या दारात दोनच शेळ्या आहेत, तीही कायद्याच्या अर्थाने गुरांची मालकीण आहे. गायरानावर तिचा हक्क बारा बैलांच्या दावणवाल्या पाटलापेक्षा तसूभरही कमी नाही.

दुसरा शब्द ‘गायरान’. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २२ नुसार जिल्हाधिकारी गावातील पडीक सरकारी जमीन निरनिराळ्या कामांसाठी राखून ठेवू शकतो. त्या यादीत गावच्या गुरांची मोफत चराई आहे, स्मशान आहे, खळे आहे, बाजार आहे आणि मेलेल्या जनावरांची कातडी सोलण्याची जागाही आहे. ही शेवटची जागा शेकडो वर्षे कोणाच्या वाट्याला आली, हे आम्ही सांगायला नको. ढोरे मालकाची, दूध मालकाचे, शेणखत मालकाच्या वावरात. मेलेले ढोर ओढायला मात्र महारवाडा! १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचा आदेश दिला आणि आपल्या माणसांनी ती जागा सोडली. पण त्या बदल्यात कसायला जमीन कोणी दिली? कोणीही नाही. ती मिळावी म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये हजारो भूमिहीनांना तुरुंगात जावे लागले.

तिसरा शब्द ‘अतिक्रमण’. भूमिहीनाने दोन एकर पडीक फोडून ज्वारी-तूर पेरली की ते अतिक्रमण. त्याच जमिनीवर मोठा प्रकल्प आला की तो विकास! २०१७ साली संहितेत कलम २२-अ घालून गायरान दुसऱ्या कामासाठी वळवण्यास बंदी केली गेली. मात्र दुसरी सोयीची जमीन नसेल तर सार्वजनिक प्रकल्पासाठी वाट मोकळी ठेवली. भूमिहीनाच्या पोटाला ही सवलत का नाही, असा आमचा सवाल आहे.

जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला, हे सर्वांना सांगितले जाते. पण सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल, तर अपवादात्मक बाब म्हणून तो नियमित करता येईल, असे त्याच निकालात म्हटले आहे. हे वाक्य नोटिशीत कधी छापले जात नाही. महाराष्ट्र शासनाचा २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णयही आहे. त्यात १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण ठरले. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांची दखल घेतल्यावर राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा किती जणांना या निर्णयाची माहिती होती?

गायरान राहिले पाहिजे, हे आम्हालाही मान्य आहे. आपल्याच आयाबहिणींच्या शेळ्या तिथे चरतात. परंतु चराई वाचवण्याचा भार एकट्या दलित-आदिवासींवर का? धनदांडग्यांनी गायरान गिळले असेल तर मोजणी तिथूनच सुरू झाली पाहिजे.

तेव्हा बांधवांनो, नोटीस आली की घाबरून घर सोडू नका. गाव नमुना एक-ई ही अतिक्रमणाची नोंदवही आहे, तिची नक्कल काढा. जुने पंचनामे, पीकपाहणीच्या नोंदी, मतदारयादी जमा करा. दंडाच्या पावत्या तर फाडूच नका. ज्या पावतीने तुम्हाला गुन्हेगार ठरवले, तीच पावती तुमचा १९९० पूर्वीचा ताबा सिद्ध करते. मुदतीत लेखी उत्तर द्या आणि त्याची पोच घ्या.

शेतीत ना जमीनदार असावा, ना कूळ, ना भूमिहीन मजूर, असा आराखडा बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मांडला होता. तो आराखडा कागदावरच राहिला. निदान हातात असलेली दोन एकर पडीक तरी आपल्या अज्ञानामुळे जाऊ नये, यासाठी प्रत्येक शाखेने गावोगावी बसून हे कागद वाचून दाखवावेत.