ऊन पाणी आणि भूकंप

तिबेरियाच्या ऊन पाण्यात स्नान करून आलेल्या एका स्नेह्यांनी आम्हांस परवा विचारले, "सुमारे ६० अंशांचे पाणी जमिनीतून आपोआप येते, तर त्यावर वीज का काढीत नाहीत?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्याचे एक साधन मात्र विलक्षण आहे. ते म्हणजे भूकंप.

१ जानेवारी १८३७ रोजी त्सफात व तिबेरिया उद्ध्वस्त करणारा आणि ११ जुलै १९२७ रोजी यरुशलेमातही घरे पाडणारा भूकंप आपल्याला ठाऊक असतो. परंतु मृत समुद्रापासून किनेरेटपर्यंतच्या भेगेवर माणसास न कळणारे बारीक धक्केही होत असतात व यंत्रे ते टिपून ठेवतात. प्रत्येक धक्क्यातून दोन तऱ्हेच्या लहरी निघतात. एक दाबाची, वेगवान. दुसरी आडवी हलणारी, मंद, जी द्रवातून जातच नाही. निरनिराळ्या ठाण्यांवर त्या केव्हा पोहोचल्या याचा हिशेब जुळविला, की वाटेतील खडक कोठे घट्ट आणि कोठे भेगाळलेला व पाण्याने भरलेला, हे उलगडू लागते. डॉक्टर पाठीवर बोट ठोकून छातीचा अंदाज घेतात, तसेच हे.

धक्क्याची खोली तर उष्णतामापकाचेच काम करते. थंड खडक मोडतो; फार तापलेला खडक न मोडता सावकाश वाकतो. मृत समुद्राखालील नीट मोजता आलेल्या बारीक धक्क्यांपैकी निम्म्याहून अधिक २० ते ३२ किलोमीटर खोलीवर झाल्याचे २००३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे एवढ्या खोलवरही तेथील खडक मोडण्याइतका थंड आहे! मग झरे ऊन कसे? पावसाचे पाणी खोल मुरते, तापते आणि भेगेवाटे वर येते. आपल्या कोकणातील उन्हेरे, वज्रेश्वरी येथेही हेच; खाली ज्वालामुखी धगधगत नाही. किनेरेटकडे धक्के त्यामानाने उथळ आहेत, म्हणून तेथे थोडी आशा धरावयास जागा आहे.

पण लहरी केवळ जागा सुचवितात; निकाल भोक पाडल्यावरच लागतो, आणि त्यात धोका आहे. स्वित्झर्लंडात बाझेल येथे २००६ साली खडकात दाबाने पाणी सोडताच धक्के बसले व पुढे काम सोडून द्यावे लागले. दक्षिण कोरियातील पोहांग येथे २०१७ साली ५.५ तीव्रतेचा भूकंप झाला. तोही अशाच कामामुळे, असे सरकारी चौकशीत २०१९ साली ठरले. आपली भेग तर मुळातच जागी आहे.

हे सारे ऐकून स्नेही म्हणाले, "मग तूर्त स्नानच बरे."