टोचणीचा हिशेब आणि संरक्षणाचा प्रश्न

मोताळा तालुक्यातील रोहिणखेडची एखादी शेतमजूर स्त्री डोळ्यांसमोर आणावी. वय चाळिशीच्या आतले, बोटे आमवाताने आखडलेली. कापसाची वेचणी चुकवणे परवडत नाही म्हणून आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणारी. 2021 साली तिने रांगेत उभे राहून कोविशील्डच्या दोन्ही मात्रा घेतल्या. पंतप्रधानांचे छायाचित्र असलेले प्रमाणपत्र हाती पडले आणि सरकारदफ्तरी तिचे लसीकरण ‘पूर्ण’ झाले. तिच्या शरीरात संरक्षक प्रतिपिंडे निर्माण झाली की नाही, हे मात्र त्या दफ्तराने कधी विचारले नाही.

लस म्हणजे रोगजंतूला परस्पर मारणारे औषध नव्हे. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला दिलेली ती तालीम आहे. आमवातात हीच यंत्रणा स्वतःच्या सांध्यांवर उलटते. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले तर त्याला परके समजून नाकारू पाहते. म्हणून औषधांनी तिला दाबून ठेवावे लागते. दाबलेली यंत्रणा तालमीला अर्धामुर्धा प्रतिसाद देते, कधी मुळीच देत नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी मे 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 658 अवयव-प्रत्यारोपित रुग्णांपैकी 46 टक्क्यांच्या रक्तात दोन मात्रांनंतरही प्रतिपिंडे आढळली नाहीत. तिकडच्या लसी निराळ्या होत्या, हे खरे. परंतु कोचीच्या संधिवाततज्ज्ञांनी कोविशील्ड घेणाऱ्या भारतीय रुग्णांवरच चाचण्या केल्या आणि 2022 साली दाखवून दिले, की मात्रेनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवल्यास प्रतिपिंडे अधिक तयार होतात. औषध मनानेच बंद करावे, असा याचा अर्थ नव्हे. तसे केल्यास आमवात उसळू शकतो. आजार किती आटोक्यात आहे हे पाहून तो निर्णय डॉक्टरने घ्यावयाचा असतो. या सल्ल्याला पैसा लागत नाही. लागतो तो डॉक्टर, आणि खेड्यात नेमका तोच मिळत नाही.

हे रुग्ण आपल्याला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय राज्यकर्त्यांना नाही. 1 मार्च 2021 रोजी 45 ते 59 वयाच्या व्याधिग्रस्तांना लस खुली झाली, तेव्हा सरकारच्याच यादीत अवयव-प्रत्यारोपित आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे रुग्ण नावानिशी होते. मग तिसऱ्या मात्रेच्या वेळी ते गेले कोठे? 11 ऑक्टोबर 2021 रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने अशा रुग्णांना अधिक मात्रा द्यावी, अशी शिफारस केली. त्यानंतर दहाच दिवसांनी, 21 ऑक्टोबरला, आपल्या सरकारने शंभर कोटी मात्रांचा उत्सव साजरा केला! 10 जानेवारी 2022 पासून ‘खबरदारीची मात्रा’ आली. ती आरोग्य कर्मचारी, आघाडीवरील कर्मचारी आणि साठीपुढील व्याधिग्रस्तांना. आईचे मूत्रपिंड घेऊन जगणारा तिशीतला तरुण त्यात बसत नव्हता. 10 एप्रिलला त्याला दार उघडले, पण खासगी केंद्राचे: लसीचे 225 रुपये आणि वर दीडशेपर्यंत सेवाशुल्क. मोफत मात्रेसाठी 15 जुलै 2022 उजाडावे लागले, आणि तीही केवळ 75 दिवसांपुरती.

लसीचा तुटवडा होता, हा बचाव ठरलेलाच आहे. परंतु 21 जून 2021 पासून उत्पादनाचा चौथा हिस्सा खासगी रुग्णालयांसाठी राखून ठेवणारे धोरण कोणाचे होते? बाजारासाठी वाटा काढता येतो, मूठभर असुरक्षित रुग्णांसाठी मात्र येत नाही, याला तुटवडा म्हणत नाहीत.

करोना ओसरला म्हणून प्रश्न ओसरलेला नाही. न्यूमोकोकल लस 2021 पासून देशभरातील बालकांना मोफत मिळते, ही चांगलीच गोष्ट. पण आमवाताच्या गोळ्या घेणाऱ्या प्रौढ मजूर स्त्रीला न्यूमोकोकल आणि इन्फ्लुएन्झा या दोन्ही लसी पदरच्या पैशांनी विकत घ्याव्या लागतात. या लसी शक्यतो प्रतिकारशक्ती दाबण्यापूर्वी दिल्या पाहिजेत. नंतर त्यांचा उपयोग घटतो. तेव्हा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची पहिली चिठ्ठी लिहिली जाते त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात या लसी मोफत मिळाव्यात. प्राथमिक आरोग्य केंद्रात अशा रुग्णांची नोंदवही असावी. आणि लस लागू पडण्याचा भरवसा नाही अशा रुग्णाच्या घरातील सर्वांना त्यात धरावे. बुलडाण्याला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आहे. रोहिणखेडच्या रुग्णाची ही नोंदवही तेथील तज्ज्ञाच्या नजरेखालून दरमहा जाईल, एवढी व्यवस्था तरी सरकारने तत्काळ करावी.