गोळीने दातांची मुळे साफ होत नाहीत

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंविरुद्धचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा (२०२५–२९) केंद्रीय आरोग्यमंत्री जे. पी. नड्डा यांनी १८ नोव्हेंबर २०२५ रोजी जाहीर केला. त्याचे यश मात्र दिल्लीत ठरणार नाही. ते ठरेल रायपूरसारख्या शहरांतील औषधांच्या दुकानांत आणि दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी. हिरड्यांतून रक्त येते, दात हलतो, आणि अमॉक्सिसिलिन व मेट्रोनिडॅझोलची पाने हातात पडतात. मुळांची खोल सफाई मात्र ‘पुढे बघू’ म्हणून राहून जाते. ही उपचारपद्धती नव्हे, उपचाराची टाळाटाळ आहे.

छत्तीसगडला हा प्रश्न अधिक जवळचा आहे. तंबाखू आणि गुळाचा लगदा, म्हणजे गुडाखू, तेथे बोटाने दातांवर चोळण्याची सवय घराघरांत आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील ३९.१ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्राने १९९२ मध्येच बंदी केली. तंबाखूच दंतमंजन म्हणून वापरली जाते, त्याचे काय?

दातांच्या मुळांवर जमणारा थर ही जिवाणूंची चिकट, संघटित वस्ती असते. तिच्या आतले अनेक जिवाणू मंदगतीने जगतात आणि मोकळ्या जिवाणूंना मारणारी मात्रा सहज पचवतात. दात व्हिनेगरने धुतले तरी थराच्या बाहेरचेच जीव मरतात, आतले नाही, हे लेव्हेनहुकने सतराव्या शतकातच सूक्ष्मदर्शकातून पाहिले होते. थर आधी हत्याराने मोडावा लागतो. औषधाची पाळी त्यानंतरची.

मग सफाईच्या जोडीला प्रतिजैविक द्यावे की नाही? जर्मनीत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सर्व रुग्णांची खोल सफाई आणि नियमित देखभाल झाली. निम्म्यांना सात दिवस या दोन गोळ्या दिल्या, उरलेल्यांना औषधहीन गोळ्या. सुमारे सव्वादोन वर्षांनंतर आजार पुढे सरकलेल्या जागांचे प्रमाण औषध न घेतलेल्यांत ७.८ टक्के, तर घेतलेल्यांत ५.३ टक्के होते. फायदा आहे, तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण गोळीविनाही नव्वद टक्क्यांहून अधिक जागा सावरल्या, त्या सफाई आणि देखभालीने. २०२० च्या कॉक्रेन आढाव्याने ४५ चाचण्या तपासून दीर्घकालीन लाभाचा पुरावा अत्यंत कमकुवत ठरवला. त्याच वर्षीच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी सरसकट वापर नाकारला आणि तोंडभर पसरलेला गंभीर आजार असलेल्या तरुण रुग्णांसारख्या मोजक्या गटांपुरता विचार खुला ठेवला.

‘गरीब माणसाला चार फेऱ्या परवडत नाहीत, म्हणून गोळी’ हा युक्तिवाद सहृदय वाटतो. प्रत्यक्षात तो गरिबाला अर्धवट उपचार देतो आणि त्याच्या शरीरातील जिवाणूंना प्रतिकाराचे धडेही देतो. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट ओढवले, असा ‘लॅन्सेट’मधील अंदाज आहे. हिरडीसाठी उगाच गिळलेली गोळी आतड्यातल्या जिवाणूंपर्यंतही पोहोचते. उद्याचा न्यूमोनिया किंवा जखम तिची किंमत मोजू शकते.

रायपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, एम्स आहे. खोल सफाई जिल्हा रुग्णालयांत, मजुरी न बुडणाऱ्या वेळी आणि परवडणाऱ्या दरात मिळाली, तर गोळीचा मोह आपोआप ओसरेल. ही दोन्ही औषधे कायद्याने चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. २०२४ मध्ये केरळच्या औषध नियंत्रण विभागाने ‘ऑपरेशन अमृत’ राबवून दुकानांची अचानक तपासणी केली, ते छत्तीसगडलाही अशक्य नाही. आणि दंतवैद्याने लिहिलेल्या प्रत्येक चिठ्ठीला एकच प्रश्न विचारला पाहिजे: सफाई झाली का? उत्तर ‘नाही’ असेल, तर लिहिलेली गोळी हिरडीसाठी नाही. ती केवळ रुग्णाला दारातून परत पाठवण्यासाठी आहे.