फिन वाढवून तोल मिळत नाही

पहिल्यांदा स्टँड-अप पॅडल बोर्डवर उभं राहिलेल्या प्रत्येकाची तक्रार एकच, ‘बोर्ड जाम हलतोय यार!’ आणि किनाऱ्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाकडे त्यावर उपायही एकच, ‘अजून दोन फिन लाव.’ माझं मत विचाराल तर हा सल्ला अर्धवट आहे, आणि पाण्यात अर्धवट सल्ला महागात पडतो. नवशिक्याने मागे एकच मोठी फिन लावावी, तिच्याशिवाय पाण्यात उतरू नये आणि तोलाची सगळी जबाबदारी मात्र तिच्यावर टाकू नये.

फिन म्हणजे काय? बोर्ड उलटा केलात की शेपटीकडे माशाच्या परासारखं एक पातं दिसतं, तीच ती. अनेकांना ते सुकाणू वाटतं. पण सुकाणू वळतं, फिन जागची हलत नाही. तिचं काम बाणामागच्या पिसांसारखं. पिसं नसतील तर बाण भरकटतो, फिन नसेल तर बोर्ड. अमेरिकेच्या टॉम ब्लेकने १९३५ साली सर्फबोर्डला फिन लावली तीही बोर्ड आडवा घसरू नये म्हणूनच.

आता ‘हलतोय’ म्हणजे नेमकं काय, ते तपासा. बोर्ड डावी-उजवीकडे कलतोय का? मग दोष बहुतेक वेळा रुंदीचा आणि तुमच्या पायांचा. नवशिक्याला ३२ ते ३४ इंच रुंद बोर्ड हवा. पाय खांद्यांइतके फाकलेले, गुडघे सैल, नजर पायांवर नाही तर समोर क्षितिजावर आणि पॅडल पाण्यात. पाण्यातलं पॅडल म्हणजे तुमचा तिसरा पाय. जागच्या जागी उभं असताना फिन फारशी मदत करत नाही. बोर्ड पुढे सरकू लागला की मात्र खोल फिन त्याचं डोलणं थोडं दाबते.

की बोर्डचं नाक भरकटतंय? दोनदा वल्हवलं की तोंड फिरतं, मग तुम्ही पॅडलची बाजू बदलता, पुन्हा फिरतं, पुन्हा बदलता. तोल जातो तो बहुतेक या बाजू बदलण्याच्या क्षणी. इथे फिन खरी कामाला येते. बोर्ड सरळ चालला की हात कमी वेळा बदलावे लागतात आणि आपोआप पडणंही कमी होतं.

म्हणून खाडी, तलाव, शांत पाणी असेल तर मध्ये आठ ते दहा इंचांची एकच फिन पुरे. छोट्या लाटा असतील तर ‘टू प्लस वन’, म्हणजे मध्ये जरा आखूड फिन आणि दोन्ही बाजूंना दोन लहान. लाटेच्या उतारावर बोर्ड तिरपा झाला की बाजूच्या फिन पाणी धरून ठेवतात. तीन फिनचा ‘थ्रस्टर’ सायमन अँडरसन या ऑस्ट्रेलियन सर्फरने १९८१ च्या सुमारास गाजवला, तो लाटेवर झटपट वळता यावं म्हणून. चार फिनचा ‘क्वाड’ही लाटेवरच्या वेगासाठी. सपाट पाण्यात या जादा फिन पाणी ओढतात आणि तुमचे खांदे दुखवतात, बस्स.

हे सगळं मला कुठून कळलं? फजितीतून! देवबागला, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे एकदा उथळ पाण्यात फिन वाळूला घासली. बोर्ड जागीच थांबला आणि मी नाकावरून पुढे. वैतागून मधली फिन काढून टाकली. ‘बाजूच्या दोन आहेत की!’ फुल्ल कॉन्फिडन्स. सकाळची वेळ, ओहोटी लागलेली आणि जमिनीवरून समुद्राकडे वारा. शाळेत ‘मतलई वारे’ पाठ केले होते, तेच. बोर्ड खेकड्यासारखा तिरका चालायला लागला. मी किनाऱ्याकडे वल्हवायचो आणि तो मुखाकडे सरकायचा. उभं राहणं सोडून गुडघ्यांवर बसलो, तरी तेच. शेवटी जाळी आवरून परतणाऱ्या एका होडीतल्या काकांनी दोर फेकला आणि बोर्डच्या पोटाकडे बघून एवढंच विचारलं, ‘सुकाणू घरी ठेवून इलंस काय रे झिला?’ सुकाणू आणि फिन यातला फरक समजावण्याची ती वेळ नव्हती.

मग उथळ पाण्यात करायचं काय? फिन काढायची नाही, आखूड लावायची. चार-पाच इंचांची किंवा रबरासारखी वाकणारी. गवत, शेवाळ, जाळ्यांचे तुकडे असतील तिथे मागे झुकलेली फिन घ्या, कचरा तिच्यावरून निसटून जातो. आणि वाळूचा दांडा दिसला की एक पाऊल मागे घेऊन, गुडघे वाकवून तयार राहा.

नवी फिन विकत घेण्याआधी तीन गोष्टी करून बघा. एक, फिन उलटी तर लावलेली नाही ना? तिचा बाक शेपटीकडे झुकलेला हवा. हसू नका, भाड्याच्या बोर्डावर ही चूक सर्रास दिसते. दोन, खाचेत पुढे-मागे सरकणारी फिन असेल तर ती मागे ढकला, बोर्ड जास्त सरळ चालेल. पुढे आणली तर पटकन वळेल. तीन, एकाच बाजूने पाच वेळा वल्हवा. दुसऱ्याच फटक्याला तोंड फिरत असेल तर फिन लहान पडतेय किंवा तुमचं पॅडल उभं न राहता तिरकं चालतंय. दुसरं कारण फुकटात दुरुस्त होतं!

सोशल मीडियावर पाच फिनचे चकचकीत सेट बघून हात शिवशिवतात, मान्य. पण ते पैसे आधी चांगल्या लाइफ जॅकेटवर घाला. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ विचारा, वारा कुठून कुठे वाहतोय ते बघा आणि बोर्ड उलटा करून मधली फिन घट्ट आहे का, ते हाताने हलवून तपासा. तोल चार दिवसांत पायांत उतरतो. परत यायची दिशा मात्र त्या एका पात्यावर असते, आणि ते किनाऱ्यावर विसरून चालत नाही.