दहा दिवस सुतकाचे, प्रश्न लग्नाचा

घरातलं कुणी गेलं की मुंबईहून गाडी पकडून गावी यायचं आणि दहावं-तेरावं होईपर्यंत थांबायचं, हे महाबळेश्वर तालुक्यातल्या पोरांना वेगळं सांगायला नको. कांदाटी खोऱ्यात, कोयनेकाठच्या गावांत निम्मं घर इथं आणि निम्मं मुंबईत, असंच चालत आलंय. चार दिवस झाले की ओसरीवर कुणीतरी विषय काढतंच, ‘मग, याच्या लग्नाचं काय?’ तुम्ही म्हणाल, यात बातमी कुठली? बातमी अशी की, नेमक्या याच दहा दिवसांवरचा मराठी सिनेमा जगात गाजलाय.

रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मधल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. १९ सप्टेंबरला तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद, वडील गेल्यावर आईसोबत गावी येतो. तिशीचा, बिनलग्नाचा. त्याला पुरुष आवडतात, हे आईला ठाऊक आहे, भावकीला नाही. तिथं त्याला लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो. तो शेती करतो आणि त्याच्याही मागे लग्नाचा तगादा आहेच. साबर बोंडं म्हणजे निवडुंगाचं फळ, बाहेरून काटे आणि आत लालबुंद गोड गर. कानवडे यांना ही गोष्ट स्वतःचे वडील गेल्यानंतर गावी काढलेल्या दिवसांतून सुचली.

आता बघा, सुतकात लग्न आठवतं ते का? भावकी दुष्ट असते म्हणून नाही. कर्ता माणूस गेला, आता आईला आधार कोण, ही भीती खरी असते आणि त्यावर आपल्याला एकच उत्तर माहिती असतं, सून आणा. त्यात ‘वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल’ हा रिवाज. म्हणजे पोराला धड रडूही द्यायचं नाही.

कायदा कुठवर आलाय? ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ ला मात्र अशा लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला आणि तो विषय संसदेकडे सोपवला. थोडक्यात, प्रेम केलं तर पोलीस पकडणार नाहीत, पण नात्याला कागदावर नाव नाही. आणि नाव नसलं की सुतकाच्या घरात तो माणूस कोण? फार तर ‘मित्र’. स्वयंपाकघरापासून स्मशानापर्यंत आपल्याकडे प्रत्येक नात्याला काम ठरलेलं असतं. याला मात्र कुठलंच नाही.

म्हणून या सिनेमात मला आई सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती भाषण देत नाही, फक्त पोराच्या बाजूने उभी राहते. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ या बंगाली सिनेमातही बाप काशीत जातो आणि मागे आई-मुलगा उरतात. तिथं अपू शिकायला कोलकात्याला जातो आणि आई वाट बघता बघता संपते. १९५७ साली व्हेनिसला त्याला सुवर्णसिंह मिळाला. ती ताटातूट शहराने घडवली. आनंद आणि त्याच्या आईमध्ये मात्र शहर आड येत नाही. तिला सगळं माहिती आहे म्हणूनच दोघं एकमेकांना धरून राहू शकतात.

पुरस्कार मिळालेला सिनेमा तालुक्याच्या गावापर्यंत येईलच असं नाही. संधी मिळेल तेव्हा बघा. तोवर एक करता येईल. कुणा मित्राच्या घरी सुतकाला गेलात, तर लग्नाचा विषय काढणाऱ्या काकांना तुम्ही थांबवू शकणार नाही कदाचित. पण मित्राला त्याच्या वडिलांबद्दल विचारा, बोलू द्या. आणि त्याच्यासोबत मुंबईहून कुणी ‘मित्र’ आला असेल, कोपऱ्यात अवघडून बसला असेल, तर कोण-कुठला न विचारता त्यालाही शेजारी बसवून घ्या.